कायमचं वर्क फ्रॉम होम मिळालंय, तर पुणं सोडून कोकणात गावच्या घरी राहून नोकरी करावी का? नेट-विजेचं काय? पुढे थायलंड, पोर्तुगाल असं फिरत काम करायचंय.

नेट आणि वीज आधी उरकते, कारण पैसे टाकले की ते सुटतं. गावात फायबर असेल तर तो घ्याच, शिवाय दुसऱ्या कंपनीचं सिम ठेवा. मात्र त्या सिमचा टॉवर वेगळा हवा. एकाच टॉवरवर दोन कंपन्या असतील तर दोन्ही एकदमच जातात. इन्व्हर्टर सगळेच घेतात. पण नाक्यावर केबलवाल्याची जी पेटी असते, तिला बॅकअप आहे का हे कुणी विचारत नाही. ती बंद पडली की तुमच्या घरात दिवा लागलेला आणि नेट मेलेलं. त्याला आधी विचारा, मग राउटर घ्या. आणि मे महिन्यात, तसंच परतीच्या पावसात, गडगडायला लागलं की राउटरची पिन काढून ठेवा. अर्थिंगही नीट करून घ्या, जांभ्यात ते सहजी लागत नाही.

झालं. आता जे सुटत नाही ते सांगते.

माझं काम अमेरिकेतल्या रुग्णालयांच्या बिलांचं. विमा कंपनीने क्लेम नाकारला की का नाकारला ते शोधून, कागद जोडून परत पाठवायचा. २०२० च्या शिमग्याला आम्ही ठाण्याहून सासरी गेलो. दापोली तालुक्यात, केळशीच्या बाजूला. महिनाअखेरचं काम होतं म्हणून लॅपटॉप बरोबर होता. मुलांच्या शाळा बंद झाल्या म्हणून मुक्काम वाढवला, मग लॉकडाऊन लागला आणि तिथेच राहिलो. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचा सकाळचा नऊचा ठोका म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसहा, नोव्हेंबरात त्यांची घड्याळं मागे गेली की साडेसात. म्हणजे दिवेलागणीला माझं ऑफिस सुरू आणि पहाटे बंद. मग सून नऊ वाजेपर्यंत झोपते, ही बातमी वाडीत पसरायला वेळ लागत नाही.

३ जूनला निसर्ग वादळ आलं. माजघराचे पत्रे उडाले, पोफळी मोडून पडल्या, आगरात पाय ठेवायला जागा राहिली नाही. आमच्या वाडीत वीज यायला महिना उलटून गेला. पहिले काही दिवस रजा टाकली. मग टीम लीडने दिवसा काम करायला परवानगी दिली, माझं काम फोनचं नाही म्हणून. नवरा गाडीने दापोलीला सोडायचा. तिथे ओळखीच्यांच्या दुकानात जनरेटर होता. मागच्या बाजूला सिमेंटच्या पोत्यांपाशी खुर्ची टाकून बसायचे, स्क्रीन भिंतीकडे करून. रेंज गेली की सड्यावर, म्हणजे वरच्या उघड्या माळावर जायचं, पावसात, गाडीच्या काचा लावून. त्या महिन्याचा पगार पूर्ण आला. आणि नवीन पत्रे त्याच पगारातून चढले. पंचनाम्याची मदत नंतर आली, तीही सगळ्या घराला पुरेल इतकी नव्हती.

हे एवढं लांबण लावून का सांगतेय? कारण ऑगस्टमध्ये गणपतीला थोरले दीर, आमचे दादा, मुंबईहून आले. तेव्हा वीज होती, नेट होतं, मी मागच्या खोलीत बसत होते आणि दार लावत होते. गौरीपूजनाचा दिवस बुधवार. अमेरिकेला गौरी-गणपतीची सुट्टी नसते, माझी वर्षाची रजा जूनमध्येच संपलेली. नैवेद्य, पानं वाढणं, ओवसा घेऊन आलेल्या बायकांचं हळदीकुंकू, सगळं सहाच्या आत आटोपून मी आत गेले. सातला आरतीसाठी दार वाजलं. मी म्हटलं, दहा मिनिटांत येते. आले तेव्हा आरती झाली होती आणि दादा सगळ्यांसमोर म्हणाले, "आम्ही तीस वर्षं लोकलला लोंबकळून नोकरी केली, पण घरच्यांना दार लावून घेतलं नाही. घरात बसून लॅपटॉप उघडला की त्याला नोकरी म्हणायचं होय?"

आता दार का लावते? त्या स्क्रीनवर कुणाचा तरी कॅन्सरचा अहवाल असतो, कुणाचं मानसोपचाराचं बिल असतं. अमेरिकेत त्यासाठी हिपा नावाचा कायदा आहे, १९९६ चा. रुग्णाची माहिती कामाशी संबंध नसलेल्याच्या नजरेला पडता कामा नये. आमच्या कंपनीने घरून काम देताना सही घेतली ती याच अटीवर. हे मी तेव्हा बोलले नाही, पाहुणे होते. सासूबाई मात्र बोलल्या. "पत्रे कोणी घातले ते वर बघून सांग," एवढंच म्हणाल्या आणि प्रसाद वाटायला लागल्या.

तेव्हा प्रश्न विचारणारे दादा किंवा ताई, जे कुणी असाल, भाडं वाचेल यात वाद नाही. पण गावच्या घरी तुम्ही "घरीच असता". गॅस सिलिंडर घ्यायला तुम्ही, आजीला दवाखान्यात न्यायला तुम्ही, चाकरमानी उतरले की स्टँडवर गाडी घेऊन तुम्हीच. पुरुष असाल तर "नोकरी गेली वाटतं" एवढंच ऐकाल. बाई असाल तर एका वेळी दोन नोकऱ्या कराल, त्यातली एक मोजली जात नाही. हे लोक वाईट नसतात. सकाळी डबा घेऊन बाहेर पडणारा माणूसच कामाला जातो, एवढंच त्यांनी पाहिलेलं असतं. मी उपाय केला तो असा: मागच्या पडवीला भिंत घालून बाहेरून दार असलेली खोली काढली. चपला घालून, अंगण ओलांडून कामाला जाते. विनोदी वाटेल, पण त्या दिवसापासून शिफ्टमध्ये कुणी हाक मारत नाही.

परदेशात फिरत काम करण्याबद्दल थोडक्यात. आधी कंपनीची लेखी परवानगी घ्या. फक्त "रिमोट" लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ बहुतेक ठिकाणी भारतात कुठेही, एवढाच असतो, आणि बाहेरच्या देशातून लॉगिन केलं की आयटीवाल्यांना कळतं. टुरिस्ट व्हिसावर बसून काम करणारे पुष्कळ भेटतील, त्यांच्या व्हिडिओंवर जाऊ नका. थायलंडने २०२४ मध्ये डीटीव्ही (डेस्टिनेशन थायलंड व्हिसा) हा व्हिसा आणला, पाच वर्षांचा, एका वेळी १८० दिवस राहता येतं, खात्यात ५ लाख बाट दाखवावे लागतात. पोर्तुगालच्या डी-८ ला, म्हणजे दुरून काम करणाऱ्यांच्या व्हिसाला, तिथल्या किमान वेतनाच्या चौपट मासिक उत्पन्न लागतं. जपाननेही २०२४ मध्येच असा व्हिसा काढला, पण त्यांच्या यादीत भारत नाही. आणि एका देशात वर्षात सहा महिन्यांच्या वर राहिलात तर तिथला कर मागे लागू शकतो, सीएला विचारल्याशिवाय तिकीट काढू नका. खरं सांगू का, कॅफेत लॅपटॉप घेऊन बसलेले ते फोटो बघते तेव्हा मला एकच प्रश्न पडतो, यांच्या घरी गणपती नसतो का?

गावी राहणार असाल तर कराचं सोपं आहे. पगार भारतीय कंपनीचा असेल तर काही बदलत नाही. फक्त स्वतःच्या घरात राहून घरभाड्याच्या पावत्या जोडू नका, एचआरएची (घरभाडे भत्त्याची) सूट भाडं खरोखर भरलं तरच मिळते.

आणि हो, हे सगळं माझ्या घरापुरतं. तुम्ही एकटे असाल, गावचं घर रिकामं असेल, तर यातलं निम्मं तुम्हाला लागू नाही. तरी पुण्याची खोली लगेच सोडू नका, एक पावसाळा काढून बघा.

माझ्यासारखी खोली बांधणार असाल तर ग्रामपंचायतीतून घराचा नमुना ८ चा उतारा आधी काढा आणि कुणाकुणाची नावं लागलीत ते पाहा. आमच्या उताऱ्यावर दादांचंही आहे. त्यांचा मुलगा गेल्या वर्षी घरून काम करायला लागला, आणि आता ती खोली घराची आहे, कुणा एकाची नाही, असं दादांचं म्हणणं पडलंय. बांधकामाची बिलं माझ्या नावावर आहेत, जपून ठेवलीत. तुम्हीही ठेवा.