वाचकांचे प्रश्न : माळ्यावरची फोटोंची ट्रंक

प्रश्न : ट्रंकभर जुने फोटो आहेत, बाराशे तरी असतील. लग्नं, मुंजी, पन्हाळ्याच्या सहली, सगळी सरमिसळ. दरवर्षी दिवाळीच्या साफसफाईत ट्रंक उघडतो, चार फोटो बघतो आणि परत झाकण लावतो. आधी स्कॅनर घ्यावा का? (राजारामपुरी, कोल्हापूर)

उत्तर : स्कॅनर सध्या राहू द्या. दिवाळीची साफसफाई हा तर या कामाचा मुहूर्तच नव्हे. आधीच सगळं घर बाहेर काढलेलं असतं. रविवारी दुपारचे दोन तास ठरवा आणि दोन तास झाले की उठा. जमिनीवर स्वच्छ चादर अंथरा, पंखा बंद ठेवा, हात धुऊन कोरडे करा आणि फोटो कडांना धरून उचला. चहा दुसऱ्या खोलीत.

पहिल्या दोन-तीन रविवारी फक्त वाटणी करायची. वर्षावार लावायला बसू नका. वर्ष कुणालाच नक्की आठवत नाही आणि तासभर वादात जातो. घर आणि प्रसंग धरून ढीग करा : आजोळ, जुना वाडा, थोरल्या काकांचं लग्न. एकेका ढिगाला एकेक कागदी पाकीट. ‘ओळख पटत नाही’ असं एक पाकीट वेगळं ठेवा आणि ते घेऊन घरातल्या सगळ्यांत वयस्कर माणसापुढे लगेच पुढच्याच आठवड्यात बसा. स्कॅनिंग पुढच्या वर्षी झालं तरी चालेल, हे काम थांबत नाही. फोटोंना नंबर द्या, मोबाइलवर रेकॉर्डिंग लावा आणि आजींना ‘सात नंबर, ही कोण?’ असं विचारत जा. लिहून घेत बसलात तर त्यांच्या बोलण्याची लय तुटते.

लग्नाच्या अल्बममध्ये आहेर घेतानाचे फोटो पन्नास-साठ तरी निघतात. त्यातले गेलेल्या माणसांचे आणि एरवी कुठेच न दिसणाऱ्या पाहुण्यांचे ठेवा. बाकीचे स्कॅन करायची गरज नाही.

साल काढायला फोटोतल्या खुणा उपयोगी पडतात. मागे उभ्या स्कूटरची नंबरप्लेट ‘एमएच ०९’ने सुरू होत असेल तर फोटो १९८९ च्या आधीचा नाही. स्टुडिओच्या पाकिटावर ४१६ ने सुरू होणारा पिनकोड असेल तर ते ऑगस्ट १९७२ नंतरचं, कारण पिनकोड तेव्हाच आला. कोपऱ्यात छापून आलेल्या नारिंगी तारखेवर मात्र डोळे झाकून विसंबू नका. कॅमेऱ्यातली बॅटरी बदलली की घड्याळ मागे जायचं आणि पुन्हा लावायचं बहुतेकांच्या लक्षातच राहायचं नाही.

मागे नावं लिहायला बॉलपेन नको, त्याचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. जुन्या कृष्णधवल फोटोंच्या कागदावर ४बी पेन्सिल हलक्या हाताने चालते. रंगीत फोटोंची पाठ प्लास्टिकसारखी गुळगुळीत असते, तिथे पेन्सिल उमटत नाही. त्यावर बारीक टोकाच्या परमनंट मार्करने कडेला लिहा आणि पूर्ण वाळल्याशिवाय दुसरा फोटो वर ठेवू नका, नाहीतर शाई त्याच्या चेहऱ्यावर उतरते.

मग स्कॅनर. सपाट काचेचा, ए-फोर आकाराचा पुरे. ६०० डीपीआयला (म्हणजे इंचाला ६०० ठिपके) ४ बाय ६ इंची फोटो २४०० बाय ३६०० पिक्सेलचा होतो; मोठी प्रिंट काढायलाही तेवढा बास. फाइलच्या नावात वर्ष आधी, मग प्रसंग, मग क्रमांक. क्रमांक ००१ असा लिहा. नुसता १ लिहिलात तर काही ठिकाणी १० हा २ च्या आधी येऊन बसतो.

प्रश्न : चिकट पानांच्या अल्बममधले फोटो निघतच नाहीत. पानं पिवळी पडलीत. (मंगळवार पेठ)

उत्तर : त्या पानांवरचा गोंद जुना झाला की एक तर पकड सोडतो, नाहीतर दगडासारखा घट्ट होतो. आधी प्रत्येक पानाचा मोबाइलने फोटो घ्या, कारण फोटोंचा क्रम हीसुद्धा माहिती आहे. वरचा प्लास्टिकचा पापुद्रा सावकाश काढा. मग दात साफ करायचा फ्लॉस, मेण न लावलेला, फोटोच्या एका कोपऱ्याखाली सरकवा आणि दोन्ही हातांनी करवतीसारखा पुढे-मागे ओढत न्या. फोटो वाकवायचा नाही. वाकला की वरच्या थराला तडे जातात आणि ते कायमचे. पाणी, रॉकेल, थिनर यातलं काहीही लावू नका. अडला तर सोडून द्या आणि पानासकट स्कॅन करा. फ्रेमच्या काचेला चिकटलेल्या फोटोलाही हाच न्याय : काचेसकट स्कॅन.

प्रश्न : पुराचं पाणी घरात येतं. भिजलेले फोटो वाचतात का? (शाहूपुरी)

उत्तर : पुष्कळसे वाचतात, पण गठ्ठा तसाच वाळू द्यायचा नाही. फोटोवरचा जिलेटिनचा थर भिजून फुगलेला असतो. गठ्ठा वाळला की फोटो एकमेकांना असे धरतात की पुन्हा सुटत नाहीत. थंड स्वच्छ पाण्याच्या घमेल्यात बुडवून पाण्यातच अलगद वेगळे करा, गाळ निघेपर्यंत पाणी बदला, चित्राच्या बाजूला बोट लावू नका. पांढऱ्या सुती कापडावर चित्र वर करून सावलीत पसरा. रद्दीवर नको, शाई उठते. ऊन आणि हेअर ड्रायरही नको. ४८ तासांत हात लागणार नसेल तर मध्ये बटर पेपर घालून पिशवीत बंद करून फ्रीझरमध्ये ठेवा, सवड झाली की काढा.

एरवी पाकिटं प्लास्टिकच्या घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले की पुडी बदला. डांबरगोळ्या नकोत, त्यांचा वाफारा प्लास्टिकला मऊ करतो. जागा भिंतीला लागून नसावी आणि तळमजल्यावर तर नकोच. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. पाणी ३९ फुटांकडे निघालं की कागदपत्रांबरोबर हा डबाही वर चढवा. स्कॅनची एक प्रत हार्ड डिस्कवर घरात आणि दुसरी पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांकडे असू द्या. व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटो प्रत म्हणून धरू नका, त्याचा आकार वाटेतच कमी होतो. पाठवायचाच असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा.