लिस्टमध्ये नाव असेल का?

"मॅडम, कंपनीत कपात होणार अशी कुजबुज आहे. लिस्टमध्ये माझं नाव असेल का, या विचाराने रात्री तीन-तीन वाजेपर्यंत डोळा लागत नाही. काय करू?"

हा प्रश्न माझ्याकडे आता नित्याचा झालाय. जुलै 2025 मध्ये टीसीएस या आयटी कंपनीने सुमारे 2 टक्के, म्हणजे 12 हजारांवर माणसं कमी करणार असं जाहीर केलं आणि ज्यांचा त्या कंपनीशी काडीचा संबंध नाही अशांचीही झोप उडाली. माझं समुपदेशनाचं क्लिनिक पुण्याजवळ चिंचवडला, त्यामुळे हिंजवडी आयटी पार्कच्या तिन्ही फेजमधली मंडळी येतात. त्यातल्या एकांची गोष्ट त्यांच्या परवानगीने सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. टीममध्ये त्यांना सगळे दादा म्हणायचे, आपणही दादाच म्हणू.

दादा 44 वर्षांचे, डिलिव्हरी मॅनेजर (क्लायंटचा प्रोजेक्ट वेळेत पूर्ण करून देणारे), वेगळ्याच एका आयटी कंपनीत. वाकडला फ्लॅट, त्याचा हप्ता. बायको शाळेत शिक्षिका, मुलगा दहावीत, आणि एसटीतून निवृत्त झालेले वडील घरात. प्रोजेक्ट संपला होता आणि ते बेंचवर होते, म्हणजे पगार चालू पण हाताला काम नाही. घरी कुणालाच माहीत नव्हतं. सकाळी नऊला दार लावून, कानाला हेडफोन अडकवून लॅपटॉपसमोर बसायचे. मीटिंग एकही नसायची.

पहिल्याच भेटीत त्यांनी मला फोनवर एक एक्सेल शीट दाखवलं. डाव्या रकान्यात सहकाऱ्यांची नावं, उजवीकडे प्रत्येकाची नोकरी जाण्याची टक्केवारी. कुणाचं अप्रेझल (कामाचं मूल्यमापन) कसं झालं, कोण कुठल्या व्हीपीच्या, म्हणजे व्हाइस प्रेसिडेंटच्या, मर्जीतला, सगळा हिशेब. स्वतःपुढे त्यांनी 65 टक्के लिहिलं होतं आणि आदल्या रात्री ते 70 केलं होतं.

मी म्हटलं, "शीट छान आहे. आता एक नवा रकाना घाला. नोकरी गेलीच, तर वडिलांचा आरोग्य विमा कुठल्या तारखेला संपेल?"

त्यांना माहीत नव्हतं.

घाबरलेल्या माणसाला "पॉझिटिव्ह राहा" सांगून काही होत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. नाव असेल का, याचं उत्तर ना त्याच्याकडे असतं ना माझ्याकडे. पण कुठली गोष्ट कधी बंद पडेल, याचं उत्तर कागदावर असतं आणि ते आजच्या आज काढता येतं. नोकरी एका दिवसात जाते, पण तिच्यासोबतच्या सवलती वेगवेगळ्या दिवशी संपतात. काही तर संपतच नाहीत, आणि नेमकं हेच लोकांना ठाऊक नसतं.

ग्रॅच्युइटीचंच घ्या, म्हणजे नोकरी सोडताना सेवेच्या वर्षांनुसार कंपनी देते ती एकरकमी रक्कम. राजीनामा दिला की ग्रॅच्युइटी बुडते, अशी दादांची पक्की समजूत होती. सलग पाच वर्षं झाली असतील तर राजीनामा द्या किंवा काढून टाकू देत, ग्रॅच्युइटी मिळते. शेवटच्या मूळ पगाराला (महागाई भत्ता असेल तर तोही धरून) 15 ने गुणायचं, 26 ने भागायचं आणि त्याला सेवेच्या वर्षांनी गुणायचं. सहा महिन्यांच्या वरचे महिने पूर्ण वर्ष धरतात. दादांचा मूळ पगार 52 हजार आणि नोकरी 9 वर्षं 7 महिने, म्हणजे 10 वर्षं. आकडा आला तीन लाख. हप्त्याच्या हिशेबात कित्येक महिन्यांचा श्वास. कंपनीने ही रक्कम 30 दिवसांत द्यायची असते, उशीर झाला तर व्याजासकट. नोव्हेंबर 2025 पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्यात. त्यानुसार काढलेल्या किंवा राजीनामा दिलेल्या माणसाचं राहिलेलं वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यायला हवं. "एफ अँड एफला (फुल अँड फायनल, म्हणजे शेवटच्या हिशेबाला) 45 दिवस लागतात" हे एचआरचं पाठ केलेलं वाक्य ऐकलंत, तर या नियमाची लेखी आठवण करून द्या.

पीएफ तुमचाच असतो, तो कुठे जात नाही. पण दादांचा आधीच्या नोकरीतला पीएफ तसाच पडून होता. तो नव्या खात्यात ट्रान्सफर केला की सेवा जोडली जाते, आणि पेन्शन योजनेत असाल तर दहा वर्षं भरल्यावर 58 नंतर पेन्शनचा हक्क लागतो. घाईघाईत सगळा पीएफ काढणाऱ्यांना मी दोन रात्री थांबायला सांगते. रक्कम बघून जीव शांत होतो, पण म्हातारपणचं काही उरत नाही.

यात एक बारीकशी भानगड निघाली. पीएफ पोर्टलला, आधारला आणि बँकेलाही दादांनी दिलेला नंबर कंपनीच्या सिमचा होता! सिम परत केलं की ओटीपी कुणाच्या हातात? त्याच आठवड्यात त्यांनी आधार केंद्रात रांग लावली. तीच गत सॅलरी स्लिप, फॉर्म 16 (पगारातून कापलेल्या कराचा दाखला), अप्रेझलची पत्रं यांची. हे सगळं कंपनीच्या पोर्टलवर, आणि तिथलं लॉगिन बंद व्हायला तासही लागत नाही. आपले कागद आधीच घरच्या ईमेलवर घ्या. फक्त आपले हं, क्लायंटचं काहीही नको, नाहीतर आयतं कारण मिळेल.

आता वडिलांचा विमा. घरच्यांचं ग्रुप कव्हर, म्हणजे कंपनीने काढलेला सामूहिक विमा, बहुतेक ठिकाणी नोकरीच्या शेवटच्या दिवशीच संपतं. 72 वर्षांच्या, मधुमेह असलेल्या माणसाला नवी पॉलिसी घ्यायची म्हणजे आधीच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबणं आलं. पण ग्रुपमधून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जायची सोय असते आणि ग्रुपमध्ये काढलेली वर्षं त्या थांबण्यातून वजा होतात. फक्त अर्ज वेळेत करावा लागतो, आणि घ्यायचं की नाही, प्रीमियम किती, हे विमा कंपनी तब्येत तपासून ठरवते.

इथे दादा अडले. अर्जावर वडिलांची सही हवी, जुन्या तपासण्या हव्यात, आणि त्या सगळ्या फायली बायकोच्या कपाटात. तिला न सांगता हे होणं शक्यच नव्हतं. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "तिला कळलं तर ती खचेल."

मी विचारलं, "खचेल, की चिडेल?"

"चिडेल," ते म्हणाले.

त्या रात्री त्यांनी सांगितलं. ती चिडलीच. नोकरीच्या भीतीपेक्षा दार लावून केलेल्या नाटकाबद्दल जास्त. पण दुसऱ्या दिवशी तिनेच फायली काढल्या. वडिलांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन "दिवाळीनंतर बघू" म्हणून लांबवलं होतं, ते कव्हर चालू असतानाच उरकायचं, हेही तिनेच ठरवलं. झालंही.

काही आठवड्यांनी दादांना बोलावणं आलंच. एचआर, रिपोर्टिंग मॅनेजर, बंद खोली. "आज राजीनामा दिलात तर दोन महिन्यांचा पगार, नाहीतर टर्मिनेशन." या प्रसंगाची आम्ही रंगीत तालीम केली होती. खोलीत सही करायची नाही. कागदाची प्रत मागायची. "वाचून उद्या सांगतो" म्हणायचं आणि जे काय ते ईमेलवर द्या म्हणायचं. राजीनामा आणि कपात यांत फरक आहे. कायद्याच्या व्याख्येत कामगार ठरणाऱ्याला कपातीत दर पूर्ण वर्षामागे 15 दिवसांच्या सरासरी पगाराची भरपाई कायद्याने मिळते, स्वतःहून दिलेल्या राजीनाम्यात ती मागता येत नाही. मॅनेजर हे पद लागलं की माणूस आपोआप कामगार उरत नाही असंही नाही, काम प्रत्यक्षात काय करता ते बघतात. हा मुद्दा मात्र वकिलाचा, माझा नाही. दादांनाही मी कामगार कायद्याच्या वकिलांकडेच पाठवलं होतं.

दादांनी शेवटी राजीनामाच दिला, पण तीन महिन्यांचा पगार, रिलीव्हिंग लेटर (नोकरीतून मुक्त केल्याचं पत्र) आणि त्या महिनाअखेरपर्यंत विमा लिहून घेऊन. तिमाही संपेपर्यंत विमा मागितला होता, तो मिळाला नाही. वडिलांची वैयक्तिक पॉलिसी झाली, प्रीमियम डोळे पांढरे करणारा आहे. ग्रॅच्युइटी उशिरा आली, दोन लेखी स्मरणपत्रांनंतर. एका लहान कंपनीत त्यांना काम मिळालंय, पगार आधीपेक्षा कमी. झोप म्हणाल तर बरी लागते.

बायको अजून त्या बंद दाराबद्दल बोलते. त्यासाठी आता दोघंही येतात, आणि नोकरीचा विषय त्यात क्वचितच निघतो.