फायनल फँटसी टॅक्टिक्स अ‍ॅडव्हान्स आज खेळावा का? जजचे कायदे आणि मार्श यांवरून लोक इतके का भांडतात?

तुम्ही विचारलंय की गेमबॉय अ‍ॅडव्हान्सवरचा हा जुना गेम आता हाती घ्यावा का. तुम्ही वाचलेली मतं एकमेकांच्या विरुद्ध आहेत. कुणी म्हणतं त्या मशीनवर याच्यापेक्षा चांगला गेम नाही, कुणी म्हणतं जजच्या कायद्यांनी डोकं उठतं, आणि कुणी तर म्हणतं की ज्याला आपण नायक समजून खेळतो तो मार्शच खरा खलनायक आहे.

हो, खेळा. मी हा गेम तीनदा पूर्ण केलाय आणि सध्या चौथ्यांदा खेळतेय. या दोन्ही तक्रारींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे असं माझं मत आहे, पण ते सांगायला थोडं सविस्तर लिहावं लागेल. कथेतलं थोडंफार उघड होईल, चालत नसेल तर इथेच थांबा.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. गेम जपानमध्ये फेब्रुवारी २००३ मध्ये आला, अमेरिकेत त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये. सेंट इव्हालिस नावाच्या बर्फाळ गावात नवीन आलेला मार्श, त्याचा आजारी, व्हीलचेअरवर असलेला धाकटा भाऊ डोनेड, वर्गातली रिट्झ आणि सगळे ज्याला त्रास देतात तो म्यूट. या मुलांना एक जुना ग्रंथ सापडतो आणि सकाळी अख्खं गाव बदललेलं असतं. तलवारी, जादू, सरड्यासारखे दिसणारे बांगा, सशाच्या कानांच्या विएरा. मूगल जमातीचा माँब्लाँ मार्शला आपल्या क्लॅनमध्ये, म्हणजे लढवय्यांच्या टोळीत, घेतो आणि मग चौकटींच्या पटावर आळीपाळीने लढाया सुरू होतात. पाच जमाती, प्रत्येकीचे वेगळे जॉब, म्हणजे लढण्याचे पेशे, आणि एकूण ३०० मोहिमा.

आता कायद्यांबद्दल. जवळजवळ प्रत्येक लढाईत मैदानावर चिलखत घातलेला एक जज उभा असतो. त्या दिवशी काय करायचं नाही ते ठरलेलं असतं. आज आगीची जादू बंद, उद्या साधा हल्ला बंद, परवा वस्तू वापरणं बंद. मोडलं तर यलो कार्ड. मोडताना शत्रू आडवा झाला तर थेट रेड कार्ड आणि तुमचा माणूस तुरुंगात. कथा पुढे सरकते तसे एका दिवसाला एकाऐवजी तीन तीन कायदे लागतात.

मी सातवीत होते तेव्हा आत्याने अमेरिकेहून गेमबॉय अ‍ॅडव्हान्स एसपी आणला, त्यासोबत हे एकच कार्ट्रिज. २००५ चा उन्हाळा. पुण्यात लोडशेडिंग चालू होतं आणि आमच्या सदाशिव पेठेतल्या वाड्यात संध्याकाळी दिवे गेले की सगळे ओट्यावर येऊन बसायचे. एसपीच्या पडद्याला स्वतःचा उजेड होता, त्यामुळे अंधारात पोरांचं कोंडाळं माझ्याभोवती. इंग्रजी जेमतेम. कायद्याची चौकट उघडायची, पण ती वाचायला कुणाला धीर? धडाधड बटण दाबून पुढे जायचं. एकदा माझ्या ब्लॅक मेज जादूगाराने मरायला टेकलेल्या गॉब्लिनवर फायर टाकलं. गॉब्लिन पडला, आम्ही ओरडलो, आणि तेवढ्यात शिट्टी वाजल्यासारखा जज पुढे आला. लाल कार्ड. ब्लॅक मेज मैदानातून गायब. शेजारच्या काकू विचारत होत्या, अगं रडतेस कशाला, आणि मला सांगता येईना.

म्हणजे ज्यांना जजचा राग येतो त्यांचा राग मला अंगाने माहीत आहे. जखमी माणसाला पोशन पाजलं म्हणून कार्ड मिळतं तेव्हा कुणालाही वाटणारच की हा कुठला न्याय.

पण दोन गोष्टी लक्षात घ्या. एक, कायदा शत्रूलाही लागू असतो. साधा हल्ला बंद असेल त्या दिवशी समोरचा तलवारबाजही अडकलेला असतो. त्याच दिवशी मला चोर या जॉबची किंमत कळली. हल्ला करायचा नाही, तर त्याचं शस्त्रच पळवायचं. या गेममध्ये कसब शस्त्रातून शिकायचं असतं. एखादी तलवार बाळगून पुरेशा लढाया केल्या की तिच्यातलं कौशल्य कायमचं तुमचं होतं. त्यामुळे पळवलेलं शस्त्र म्हणजे कधी कधी नवीन विद्याच हाती लागते. रोज तोच सोपा डाव खेळायची सवय लागली असती तर मी चोराकडे वळूनही पाहिलं नसतं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. जज आहे म्हणून तुमचा माणूस मरत नाही. लढाईत पडलेले सगळे नंतर उठून उभे राहतात. नकाशावर याग्ड नावाचे काही प्रदेश आहेत, तिथे कायदा नाही आणि जजही नाही. पहिल्यांदा याग्ड डोर्सामध्ये गेले तेव्हा मला हायसं वाटलं, आता हवं ते करता येईल. लढाई जिंकले. पण माझी विएरा तिरंदाज शेवटी पडून होती, तिला उठवायला कुणी मोकळं नव्हतं, आणि लढाई संपल्यावर ती क्लॅनच्या यादीत नव्हती. पहिल्या आठवड्यापासून सोबत होती. मी ती यादी दोनदा वरखाली करून पाहिली. त्यानंतर जजचं ते चिलखत मैदानावर दिसलं की मला बरं वाटू लागलं.

फायर एम्ब्लेम ही अशाच लढायांची मालिका खेळलेले लोक इथे म्हणतील की तिच्या त्या काळच्या भागांत तर प्रत्येक लढाईत पडलेला माणूस कायमचा जातो. खरं आहे. पण तिथे तो नियमच आहे, इथे कायदा कुठे संपतो ती सीमा आपण स्वतःच्या पायाने ओलांडतो. मला हे जास्त लागतं.

आता मार्श. इव्हालिस नावाच्या या नवीन जगात म्यूट राजपुत्र झालाय, त्याची मेलेली आई राणी होऊन परत आलीय, आणि खऱ्या जगात सगळ्यांची माफी मागत फिरणारा त्याचा बाप सिड इथे जजमास्टर आहे. डोनेड चालतो, पळतो. पांढऱ्या केसांमुळे ते रंगवणाऱ्या रिट्झला ते लपवावे लागत नाहीत. आणि मार्श म्हणतो, हे खरं नाही, आपण घरी जायचं. त्यासाठी तो हे जग धरून ठेवणारे स्फटिक एकेक करून फोडत सुटतो. सख्ख्या भावाचे पाय पुन्हा काढून घेणारा कसला नायक, हा प्रश्न लोक वीस वर्षं विचारतायत आणि तो प्रश्न खोटा नाही. डोनेड स्वतः मार्शचा ठावठिकाणा त्याच्या मागावरच्या लोकांना विकतो, इतकं त्याला परत जायचं नसतं.

आमच्या वाड्यात मागच्या खोल्यांत एक मुलगा राहायचा. त्याची आई त्याच वर्षी गेली होती. माझा गेम तो माझ्याइतकाच खेळायचा. मला वाटायचं, म्यूटची आई परत आलेली बघून याला वाईट वाटेल, तो भाग आपण पटकन पुढे ढकलू. उलट झालं. त्याला म्यूटचा भयंकर राग यायचा. ‘ती त्याची आई नाहीच आहे, ती नुसती हो हो म्हणते,’ असं तो म्हणाला होता. खरंच, राणी रेमेडी म्यूटला कशालाच नाही म्हणत नाही. तेरा वर्षांच्या मुलाने जे पाहिलं ते मला कळायला आणखी दहा वर्षं लागली. त्या जगात राहायचं असा हट्ट माझा होता, जिचे आई आणि बाबा दोघेही ओट्यावर बसलेले होते.

डोनेडबद्दल मात्र त्याचं मत वेगळं होतं. ‘त्याला चालू दे ना, तेवढं तरी ठेवायला हवं होतं.’ यावर आम्हा दोघांनाही उत्तर सापडलं नाही आणि गेमकडेही ते आहे असं मला वाटत नाही. एवढंच सांगते की मार्श आणि डोनेडचा तो प्रसंग घाईने बटण दाबून ओलांडू नका. मार्श तिथे कबूल करतो की आजारी भावाकडेच आईचं सगळं लक्ष जायचं आणि तो एकटा पडायचा. म्हणजे त्याच्याकडेही काहीतरी नव्हतंच, आणि तरीही तो परत जायला निघालाय. आणि हो, म्यूटच्या बाजूने लढणाऱ्या लेडनार ट्वेमचं नाव रोमन लिपीत लिहून उलटं वाचा.

आता ते एक मूळ. जजचा राग येणारे आणि मार्शचा राग येणारे, दोघांनाही असं इव्हालिस हवं असतं जिथे काही म्हणजे काही अडत नाही. मलाही हवं होतं. गेम तसं जग समोर ठेवतो आणि मग त्यात कायदे घालतो, कारण ते जग एका दुखावलेल्या मुलाच्या इच्छेतून बनलंय आणि त्याला ते कुणी मोडू नये असं वाटतंय. खेळाचे नियम आणि कथा इतक्या घट्ट एकत्र विणलेला दुसरा गेम त्या छोट्या मशीनवर मी खेळलेला नाही.

१९९७ च्या प्लेस्टेशनवरच्या मूळ टॅक्टिक्सशी तुलना करून याला पोरकट म्हणणारे बरेच आहेत. तो यासुमी मात्सुनो यांनी दिग्दर्शित केला होता, इथे ते निर्माते आहेत. त्यातलं राजकारण, सरंजामदार, धर्मपीठ हे इथे नाही, आणि ते शोधत आलात तर निराश व्हाल. २०२५ मध्ये तो मूळ गेम नव्याने निघालाय, तो जरूर घ्या. दोन्हींची जात वेगळी आहे.

खऱ्या उणिवाही आहेत. शत्रूंच्या चाली संथ. शेवटाकडे फार सोपं होतं, रेड मेजची दोनदा जादू करण्याची विद्या समन्सला, म्हणजे मोठे जीव बोलावण्याच्या जादूला, जोडली की समोर काही टिकत नाही. मोहिमांमध्ये बऱ्याच नुसत्या माणूस पाठवा आणि वाट बघा अशा आहेत. २००७ मध्ये जपानमध्ये आलेल्या निन्टेंडो डीएसवरच्या पुढच्या भागात तुरुंग काढून टाकला, कायदा मोडला तर क्लॅनला मिळणारा खास फायदा जातो आणि त्या लढाईत पडलेल्याला उठवता येत नाही. तो खेळायला सुखद आहे, पण मला त्यात धाकधूक वाटली नाही.

सुरुवात करताना एवढं करा: लढाईआधी त्या दिवसाचे कायदे बघा. नकाशावर एक पाऊल टाकलं की एक दिवस जातो, म्हणून नको असलेला कायदा असेल तर शेजारच्या गावात जाऊन परत या. मार्शला स्वतःला रेड कार्ड मिळालं तर खेळ संपतो, त्याला जपून वापरा. शत्रूच्या पाठीमागून वार करा, लागण्याची शक्यता वाढते. आणि इझेल या पात्राकडून मिळणारी, त्या दिवसाचा कायदा रद्द करणारी अँटीलॉ कार्डं साठवून न ठेवता वापरा, मी शेवटपर्यंत साठवली आणि तशीच पडून राहिली.

कार्ट्रिज घेताना काळजी घ्या. माझं मूळचं हरवल्यावर एका दुकानातून दुसरं घेतलं. लेबल अगदी हुबेहूब, पण चाळीसेक तास खेळल्यावर एका सकाळी सेव्ह साफ. ते नकली होतं. विकणाऱ्याने हात वर केले. त्यामुळे आधी उघडून आतला सर्किट बोर्ड दाखवायला सांगा, नाही म्हटलं तर सोडून द्या. निन्टेंडोच्या वी यू या मशीनच्या ऑनलाइन दुकानातही हा गेम मिळायचा, पण ते २०२३ मध्ये बंद झालं.

सध्या मी ऑफिसला जाताना मेट्रोत खेळते. वनाझला सुरू केलेली लढाई साधारण सिव्हिल कोर्टपर्यंत संपते, रामवाडीपर्यंत दुसरी अर्धी होते. कालच माझ्या व्हाइट मेजला यलो कार्ड मिळालं, वस्तू बंद होत्या आणि मी सवयीने पोशन दिलं. तुम्ही सुरू केलंत तर पहिलं कार्ड कशावरून मिळालं ते इथे नक्की लिहा.