वाचकांचे प्रश्न: ॲसिड काही उतरेना

मागच्या अंकात निन्टेन्डोच्या गेमबॉयसारख्या जुन्या, हातात धरून खेळायच्या गेम्सबद्दल चार ओळी काय छापल्या, मेलबॉक्स भरला, आणि गंमत म्हणजे निम्मे प्रश्न गणपतीच्या साफसफाईत माळ्यावर काय काय सापडलं त्याबद्दलचे. यावेळी तेच घेतलेत. पहिल्या उत्तराला जागा जास्त गेलीय, कारण त्या एका गेमवर अडकलेले लोक तीन तालुक्यांत तरी आहेत असं दिसतंय.

दादा, मामा मस्कतला होता तेव्हाचा त्याचा राखाडी गेमबॉय माळ्यावर सापडला, आत मेट्रॉइड टू हा गेम होता. सेल घातले आणि चक्क चालू झाला! मी आजवर मोबाईलवरच खेळलोय, असलं काही पहिल्यांदाच. खाली कोपऱ्यात ३९ आकडा होता, तो थोडा कमी झाला पण आता अडकलोय. खाली सगळं ॲसिड, उतरलं की एनर्जी संपते, आणि वर त्याच त्याच गुहा. नकाशा कुठल्या बटणावर आहे? यूट्यूबवर बघून खेळू का? आणि आज्जी सारखी ओरडते, "ह्यां काय तां पीप पीप लायलंस रे!" – एक वाचक, वेंगुर्ला

अरे, नकाशा कुठल्याच बटणावर नाही. १९९१ सालचा गेम आहे हा, नकाशा दिलेलाच नाही, गुहा सगळ्या एकसारख्या आणि रंग म्हणशील तर एकाच शेवाळी हिरव्याच्या चार छटा, त्यामुळे हरवलास यात नवल काहीच नाही, सगळेच हरवतात.

आता ॲसिडचं. ते पार कसं करायचं हे कोडं नाहीच आहे, तिथेच नवीन माणूस फसतो, उड्या मारत बसतो, एनर्जी जाळत बसतो. तू आहेस एसआर-३८८ नावाच्या ग्रहावर, समस अरन हे तुझं पात्र, आणि काम एकच, ग्रहावरचे मेट्रॉइड नावाचे सगळे प्राणी मारायचे. कोपऱ्यातला आकडा म्हणजे किती उरलेत. ग्रहाचे भाग पाडलेत, एका भागातले सगळे मेट्रॉइड मेले की स्क्रीन थरथरते आणि ॲसिड खाली जातं, ओहोटीला कसे खडक उघडे पडतात आणि पलीकडच्या पुळणीवर चालत जाता येतं, तसा खालचा रस्ता मोकळा होतो. म्हणजे तुझ्या भागात अजून एखादा तरी जिवंत आहे. किती आहेत ते बघायचंय? स्टार्ट दाबून पॉज कर आणि कोपऱ्यातल्या आकड्याकडे बघ, पॉजमध्ये तो या भागातले किती राहिलेत ते दाखवतो. तो जोवर शून्य होत नाही तोवर ॲसिड जागचं हलणार नाही, कितीही नवस बोल.

मग उरलेला कुठे लपलाय? मी पैज लावतो, तू छताकडे बघितलेलंच नाहीस. मोबाईलवरच्या गेमची सवय अशी असते की उजवीकडे पळत सुटायचं, इथे अर्धा गेम वर आहे. खाली बटण दाबलं की समस बसते, परत दाबलं की चेंडू होते, आणि स्पायडर बॉल ही शक्ती मिळाली असेल तर चेंडू असताना अजून एकदा खाली दाबलं की ती भिंतीला चिकटते. मग डावी भिंत धरून वर चढ, छतावरून आडवा जा, उजव्या भिंतीने खाली ये. मोठ्या दालनाची अशी अख्खी एक प्रदक्षिणा घालायची. वेळ लागतो, मान्य आहे, चेंडू कासवाला लाजवेल असा सरकतो, पण वरच्या अंधारात अचानक एक बोळ सापडतो आणि बोळाच्या टोकाला मेट्रॉइडने टाकलेली कात पडलेली दिसते, की समजायचं आता मिसाईल काढा. सिलेक्ट दाब, हातातल्या तोफेचं तोंड उघडलेलं दिसेल, म्हणजे मिसाईल चालू. साध्या गोळ्यांनी मेट्रॉइडला काहीही होत नाही, उगाच टकटक करत बसू नको. पहिल्या पहिल्यांदा भेटतात ते अल्फा जातीचे, त्यांना पाच मिसाईल पुरतात, पण घाबरून सगळ्या मिसाईल एकदम सोडणारे लोक पुढच्याला सामोरे जातात ते रिकाम्या हाताने.

अजून एक, गेमबॉयची स्क्रीन १६० बाय १४४ ठिपक्यांची आणि त्यात समस चांगली मोठी काढलीय, म्हणजे समोरचं जेमतेम चार पावलं दिसतं. काही लोक याला गेमचा दोष म्हणतात, मला उलट वाटतं, पुढे काय आहे ते न दिसणं हीच यातली खरी भीती आहे, आणि भीती वाटायलाच पाहिजे, परग्रहाच्या पोटात शिरतोयस तू. म्हणून पळू नको. दोन पावलं टाक, थांब, एक गोळी मार, मग पुढे. बसून गोळी मारणं आणि उडी मारून हवेतून खाली गोळी मारणं, या दोन गोष्टी या मालिकेत पहिल्यांदा याच गेममध्ये आल्या, त्या वापरायला शीक, खालून सरपटत येणारे निम्मे किडे तिथेच संपतात.

नकाशा स्वतः काढ. शाळेतली चौकटीची वही घे, पण प्रत्येक दगड काढत बसायचं नाही, फक्त सेव्हची जागा, एनर्जी भरून देणारा गोळा, मिसाईल भरायची जागा, आणि जिथून मागे फिरलास तिथे प्रश्नचिन्ह. दोन-तीन संध्याकाळी गेल्या की ती प्रश्नचिन्हंच तुला कुठे जायचं ते सांगतील. यूट्यूब? पहिल्यांदा खेळताना नको. सबंध संध्याकाळ गेली आणि एक इंचही हललं नाही तर त्या एका भागाच्या नकाशाचं चित्र बघून घे आणि बंद कर, त्यात पाप नाही, पण व्हिडिओ लावून मागे मागे खेळलास तर मग खेळलं कोणी? आणि हो, १९९४ चा सुपर मेट्रॉइड आधी चुकूनही लावू नको, तो सुरू होतानाच याचा शेवट सांगून मोकळा होतो. मी शेवट सांगणार नाही. एवढंच सांगतो, आकडा १ वर आला म्हणून लगेच मित्रांना मेसेज टाकू नको.

बीम, म्हणजे तोफेतून सुटणाऱ्या साध्या गोळीचा प्रकार, एका वेळी एकच राहतो, नवीन घेतला की जुना गेला. आईस, वेव्ह, स्पेझर, प्लाझ्मा, सगळे वापरून बघ, आवडतो तो ठेव, पण अगदी शेवटाकडे आईस बीम लागतो आणि तिथे जवळच तो परत मिळतो, तो दिसला की मुकाट्याने घे.

हे सगळं करायच्या आधी मात्र सेव्ह होतंय का ते तपास. सेव्हच्या जागेवर उभं राहून स्टार्ट दाब, मग गेमबॉय बंद करून परत चालू कर. फाईल गायब झाली तर कार्ट्रिजमधला, म्हणजे गेमच्या डबीतला, बटण सेल मेलाय, इतक्या वर्षांनी मरणारच, तो सोल्डर करून बसवलेला असतो, मोबाईल रिपेअरवाल्याकडून त्याच नंबरचा, पत्ती लावलेला सेल बसवून घे. आणि स्क्रीनच्या डावीकडचा लाल दिवा मंद व्हायला लागला की चारही सेल बदल, सेव्ह करून मग बदल. आज्जीसाठी खाली इयरफोनचं भोक आहे, मोबाईलचा जुना वायरवाला चालतो, आणि तुलाही फायदा, कारण इयरफोनमध्ये आवाज स्टिरिओ येतो. खोल गेल्यावर यातलं संगीत जवळजवळ बंदच होतं, नुसते कसले कसले आवाज येत राहतात, ते रात्री लाईट गेलेली असताना ऐकण्यासारखे आहेत. फक्त टॉर्च हवा, या स्क्रीनला आतून उजेड नसतो.

आमचा पण गेमबॉय सापडला, पण सेलच्या कप्प्यात पांढरी-हिरवी बुरशी आलीय आणि चालू होत नाही. समुद्र घरापासून हाकेवर, खारं वारं. फेकायचा का? – एक वाचक, रत्नागिरी

फेकायचा कशाला! ती बुरशी नाही, अल्कलाईन सेल फुटून आलेला क्षार आहे, त्याला आंबट लागतं. कानातल्या काडीला थोडं व्हिनेगर लाव नाहीतर लिंबाचा रस, कप्प्यातल्या धातूच्या पत्त्यांवर घास, फसफसेल, मग ते पुसून आयसोप्रोपिल अल्कोहोलने परत पुस आणि दिवसभर वाळू दे. घरात कोकमाचं आगळ आहे म्हणून ते लावायला जाऊ नका, त्यात मीठ असतं, पत्त्या उद्या अजून गंजतील (हा उपाय खरंच एकाने विचारलाय). कार्ट्रिजच्या पिनांनाही तेच अल्कोहोल. फुंकर मारायची सगळ्यांना सवय, ती सोडा, तोंडातली वाफ पिनांवर बसते आणि आपल्याकडे आधीच हवेत दमट काय कमी आहे. खेळून झालं की सेल काढून ठेवायचे आणि गेमबॉय घट्ट झाकणाच्या डब्यात, चपलेच्या खोक्यात मिळतात त्या सिलिका जेलच्या पुड्या टाकून. डबा सुक्या बांगड्याचा नसावा एवढंच बघा.

कॅसलव्हेनिया: द ॲडव्हेंचर पहिल्यांदा खेळतोय. हा हिरो चालतो का रांगतो? मार बसला की चाबूक पण कमजोर होतो. मी वाईट खेळतो की गेम वाईट आहे? – एक वाचक, सावंतवाडी

थोडं तुमचं, बरंचसं गेमचं. १९८९ चा गेम, गेमबॉय नुकताच आलेला, आणि क्रिस्टोफर बेलमाँट खरंच असा चालतो की जणू गुडघाभर चिखलातून जातोय. टप्पे फक्त चार आहेत पण जीव काढतात. फेकायचं दुसरं हत्यार नाही, चाबूकच, आणि मार बसला की तो एक पायरी खाली येतो, म्हणजे ज्याला गरज त्याच्याकडूनच काढून घेतात. उडी अगदी कडेवर पाय आल्याशिवाय मारू नका, एक ठिपका अलीकडून मारली तरी खाली. तिसऱ्या टप्प्यात काटे मागे लागतात, तिथे रस्ता पाठ करण्याला पर्याय नाही, विचार करायला वेळच नसतो.

माझं स्पष्ट मत, पहिला अनुभव म्हणून हा घेऊच नका. १९९१ चा बेलमाँट्स रिव्हेंज घ्या. तोच क्रिस्टोफर, पण जरा माणसासारखा चालतो, सुरवातीचे चार किल्ले हवे त्या क्रमाने खेळता येतात, पासवर्ड आहे आणि संगीत तर फारच भारी. २०१९ मध्ये निघालेल्या कॅसलव्हेनिया ॲनिव्हर्सरी कलेक्शनमध्ये दोन्ही आहेत आणि तिथे मधेच कुठेही सेव्ह करता येतं. असं सेव्ह करणं चीटिंग का, हे बऱ्याच जणांनी विचारलंय. टप्प्याच्या सुरवातीला केलंत तर नाही, प्रत्येक उडीनंतर केलंत तर मला काय विचारता, तुम्हालाच ठाऊक.

माझा नऊ वर्षांचा मुलगा मोबाईल सोडत नाही. दिराने सुपर मारिओ लँड दिलाय. त्याला जमेल का? – एक वाचक, चिपळूण

जमेल ताई, आणि संपेल पण. चार दुनिया, प्रत्येकी तीन, म्हणजे एकूण १२ टप्पे, सराव झाल्यावर तासाभराच्या आत होतात. सेव्ह मात्र नाही, त्यामुळे "दहा मिनिटांत जेवायला ये" हे चालणार नाही, पॉज करून ताटावर बसवा. दुसऱ्या मारिओची सवय असेल तर त्याला आधीच सांगून ठेवा, इथे कासवावर उडी मारली की पाठीची ढाल बॉम्बसारखी फुटते, तिला लाथ मारायला जाऊ नये. बाकी पाणबुडी आहे, विमान आहे, खूश होईल.

निन्टेन्डो डीएसमध्ये गेमबॉयचं कार्ट्रिज चालतं का? खाली खाच तर दिसते. – एक वाचक, गुहागर

नाही. ती खाच गेमबॉय ॲडव्हान्स या नंतरच्या मशीनच्या कार्ट्रिजसाठी आहे, जुनं त्यात चालत नाही, जबरदस्ती करू नका. गेमबॉय ॲडव्हान्स एसपी मिळाला कुठे तर तो घ्या, २००३ चा, स्क्रीनला उजेड आहे, चार्ज होतो आणि जुनी राखाडी कार्ट्रिजं सगळी चालतात. फक्त घेताना चार्जर सोबत आहे का बघा, त्याची पिन वेगळीच असते, मोबाईलचा लागत नाही.