सायटिका झाली म्हणून गड सोडावे लागतील का?

तुमचा प्रश्न पुन्हा नीट वाचला. वय अडतीस, दर शनिवार-रविवार सह्याद्रीत भटकंती, आणि गेले तीन आठवडे डाव्या कुल्ल्यातून निघून पोटरीमागून करंगळीपर्यंत जाणारी कळ. एमआरआयमध्ये एल५-एस१ची, म्हणजे कंबरेच्या शेवटच्या मणक्याखालची, गादी सरकून नस दबलेली दिसतेय. अशी नस दबून पायात उतरणारी कळ म्हणजेच सायटिका. एक डॉक्टर म्हणाले ट्रेकिंग विसरा, घरचे म्हणतात महिनाभर पडून राहा. मी डॉक्टर नाही, पण याच जागेचं हे दुखणं मी काढलंय आणि आजही गड चढतो. तेव्हा सविस्तर लिहितो.

आधी घाईचं सांगतो. लघवी अडकतेय किंवा नकळत होतेय, शौचावरचा ताबा गेलाय, मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि बसायच्या जागी बधिर वाटतंय, दोन्ही पायांतली ताकद गेलीय, यातलं काहीही झालं तर रात्र असो वा दिवस, थेट मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जा. तिथे तासांचा हिशेब असतो. दुसरं, आजच भिंतीला हात टेकून फक्त डाव्या पायाची टाच उचलून चवड्यावर उभे राहा. उजव्या पायाने जितक्या वेळा जमतं तितकं डाव्याने जमत नसेल, तर एस१ची नस, म्हणजे तुमच्या या गादीपाशी दबलेली नस, नुसती दुखत नाही, तिची ताकद कमी होतेय. मग टाचांवरही चालून बघा, पाऊल खाली लोंबतंय का ते कळेल. यात फरक दिसला तर स्पाइनच्या डॉक्टरांना उद्याच दाखवा, पुढच्या आठवड्यात नको. ताप, घटलेलं वजन किंवा पडल्यानंतर सुरू झालेलं दुखणं असेल तर तेही लगेच सांगा.

हे सगळं ठीक असेल, तर त्या रिपोर्टने खचू नका. २०१५मध्ये एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला होता. ज्यांना कंबरदुखी नाहीच अशा माणसांच्या स्कॅनचे अनेक अभ्यास त्यात एकत्र केले होते. चाळिशीतल्या जवळपास निम्म्या लोकांची गादी फुगलेली निघाली, आणि त्यांना काहीच होत नव्हतं. म्हणजे तुमचा रिपोर्ट खोटा आहे असं नाही. कळ करंगळीकडे जाते आणि दबलेली नस एस१ची आहे, हा मेळ बसतो. पण चित्रात दिसतं ते कायमचं नसतं. गादीतून बाहेर आलेला भाग शरीर हळूहळू शोषून घेतं, आणि गंमत म्हणजे मोठा, सुटा झालेला तुकडा बऱ्याचदा जास्त लवकर विरतो. बहुतेकांचा पाय सहा ते बारा आठवड्यांत बराच शांत होतो. तुमचे तीन झालेत.

आता सगळ्यात महत्त्वाचं. किती दुखतंय यापेक्षा कळ कुठे सरकते त्यावर लक्ष ठेवा. न्यूझीलंडचे फिजिओथेरपिस्ट रॉबिन मॅकेन्झी यांनी आपली सगळी पद्धत या निरीक्षणावर उभी केली. एखादी हालचाल केल्यावर कळ करंगळीतून पोटरीत, पोटरीतून मांडीत आणि मग नुसत्या कंबरेत आली, तर ती हालचाल तुमच्यासाठी चांगली, मग कंबर थोडी जास्त का दुखेना. कळ खाली उतरली, मुंग्या वाढल्या, तर ती हालचाल आत्ता बंद. चालणं, बसणं, व्यायाम, झोपायची पद्धत, सगळ्याला हीच कसोटी लावा. मला दुसऱ्या कोणत्याही सल्ल्याचा इतका उपयोग झाला नाही.

सुरुवात पालथं झोपून करा. दोन मिनिटं नुसतं पडून राहा, मग कोपरांवर या, आणि जमलं तर हात सरळ करून छाती उचला. कंबर सैल, ओटीपोट जमिनीलाच. भुजंगासनासारखं, फक्त पाठीचे स्नायू न वापरता. दहा वेळा, दिवसातून चार-पाचदा. कळ वर सरकत असेल तरच चालू ठेवा. काहींना, विशेषतः साठीपुढच्या ज्या लोकांना वाकून उभं राहिल्यावर बरं वाटतं त्यांना, हे उलट त्रास देतं. म्हणून पहिल्या एक-दोन वेळा फिजिओसमोर करा.

सूर्यनमस्कार घालत असाल तर सध्या थांबवा. त्यातलं पुढे वाकून पायाला हात लावणं हेच आत्ता नको आहे, आणि सकाळी तर मुळीच नको. रात्रभर आडवं राहिल्याने गाद्या पाणी शोषून फुगलेल्या असतात, म्हणून उठल्यावरच्या पहिल्या तासात वाकण्याचा ताण जास्त बसतो. बादली उचलणं, फरशी पुसणं, बुटाच्या नाड्या बांधणं तासाभराने करा. मांडीमागची शीर ताणून मोकळी होईल असं वाटून लोक पाय ओढत बसतात. चिडलेल्या नसेला तेच नको असतं.

पडून राहू नका. अगदी असह्य असेल तेव्हा दिवसभर, फार तर दोन दिवस. त्यापुढे सपाट रस्त्यावर थोडं थोडं चालणं सुरू करा, दर वेळी पाच-दहा मिनिटं, दिवसातून अनेकदा. बसणं तर पडून राहण्याहून वाईट. ऑफिसमध्ये अर्ध्या तासाने उठा, आणि दुचाकी काही आठवडे घरीच ठेवा. खड्ड्यातला एक दणका आठवड्याची मेहनत घालवतो. कंबरेचा पट्टा प्रवासापुरता ठीक, दिवसभर नको.

नस बसवून देणाऱ्यांकडे किंवा पायाळू माणसाकडून कंबरेवर पाय मारून घ्यायला मात्र जाऊ नका, कोणी कितीही आग्रह केला तरी. साध्या लचकेत ते खपून जात असेल. इथे नस आधीच दबलेली आहे.

गोळ्यांबद्दल: प्रीगॅबालिन हे नसांच्या दुखण्यावरचं औषध आपल्याकडे सर्रास लिहून देतात. २०१७मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका चाचणीत सायटिकाच्या पायदुखीवर ते औषध नसलेल्या गोळीपेक्षा सरस ठरलं नाही, चक्कर मात्र जास्त आली. तुमच्या डॉक्टरांशी यावर मोकळेपणाने बोला. पण घेत असाल तर एकदम बंद करू नका, ते हळूहळूच कमी करावं लागतं. ऑपरेशनचा विचार आत्ता नाही. सहा ते बारा आठवडे प्रयत्न करूनही पायाची कळ जगू देत नसेल तर जरूर करा, त्यात हरल्यासारखं काही नाही. नेदरलँड्समध्ये २००७ला प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लवकर ऑपरेशन केलेल्यांना आराम लवकर मिळाला, पण वर्षाअखेरीस दोन्ही गट सारख्याच ठिकाणी होते. थांबलेल्यांपैकीही बऱ्याच जणांना पुढे ऑपरेशन लागलं, हेही खरं.

पाय शांत झाला की ताकद. कॅनडाचे पाठीच्या कण्याचे अभ्यासक स्टुअर्ट मॅकगिल यांचे तीन व्यायाम पुरतात: कंबरेखाली हात ठेवून डोकं-खांदे किंचित उचलणं, कुशीवरचा प्लँक (एका कोपरावर भार देऊन अंग सरळ उचलून धरणं), आणि हात-गुडघ्यांवर राहून विरुद्ध हात-पाय लांबवणं. दहा सेकंद धरा, सोडा, पुन्हा. कुल्ल्याचे स्नायूही बांधा, कारण उतारावर तोल तेच सांभाळतात.

आणि गड. चढाईपेक्षा पायथ्यापर्यंतचा प्रवास जास्त त्रास देतो, हे ट्रेकर्सच्या लक्षात येत नाही. रात्रभर जीपच्या मागच्या सीटवर दुमडून बसायचं, पहाटे पायथ्याच्या गावात उतरून लगेच सॅक उचलायची, हे बंद करा. पुढची सीट घ्या, तासाला थांबून चाला, उतरल्यावर वीस मिनिटं सपाटीवर फिरा, मगच सॅक. ती हलकी, आणि तिचा कंबरपट्टा खरोखर आवळलेला, म्हणजे वजन खुब्यांवर येतं. पाठीवर घेताना जमिनीवरून झटक्याने उचलू नका. कट्ट्यावर ठेवून खांद्यात घ्या. उतरताना दोन काठ्या वापरा, उड्या नकोत.

पहिले काही ट्रेक अर्ध्यातून सोडता येतील असेच निवडा. नळीच्या अवघड वाटेने हरिश्चंद्रगड यंदा नाही. सिंहगड चालेल: पायथ्याच्या आतकरवाडीतून सावकाश चढा, आणि वर पोचल्यावर कळ मांडीखाली उतरलेली वाटली तर पायी न उतरता जीपने खाली या.