रक्त बदलून घेता येतं का?

"मॅडम, रक्त बदलून घेता येतं का हो?"

काकांनी खुर्चीत बसायच्या आधीच विचारलं. वय अठ्ठावन्न, मधुमेहाला नऊ वर्षं झालेली. हातात चार घड्या घातलेला रिपोर्ट. उपाशीपोटीची साखर 118, एचबीएवनसी (मागच्या काही महिन्यांची साखर सांगणारी चाचणी) 8.9. त्या 8.9 भोवती पेनानं इतके गोल मारले होते की कागद फाटायला आला होता. साखरेनं आपलं रक्त नासवलं, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. अशी धास्ती घेऊन येणारे काका एकटे नाहीत.

आधी आकड्यांचा घोळ सोडवला: उपाशीपोटीची साखर ठीक, मग एचबीएवनसी इतकं चढं कसं? तपासणीच्या आधी तीन-चार दिवस काका पथ्य अगदी कडक पाळायचे. (बरेचजण असंच करतात, मी रागावणं सोडून दिलंय.) उपाशीपोटीची साखर त्याला भुलते, तांबडी पेशी भुलत नाही. इन्सुलिन असो वा नसो, साखर तिच्यात शिरते आणि हिमोग्लोबिनला चिकटून बसते. पेशी जगते साधारण 120 दिवस, त्यामुळे एचबीएवनसीत मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब येतो. 8.9 म्हणजे सरासरी साखर 209 च्या आसपास. अ‍ॅनिमिया असेल किंवा नुकतंच रक्त चढवलं असेल तर हा आकडाही चकवतो, पण काकांचं तसं काही नव्हतं.

"म्हणजे नासलंच की रक्त!"

"नाही काका. शरीर दर सेकंदाला वीसेक लाख तांबड्या पेशी नव्या बनवतं. चार महिन्यांत जवळजवळ सगळं रक्त आपोआप बदलतं. काळजी करायचीच तर रक्तवाहिन्यांची करा. त्यांच्या भिंतीला झालेली इजा अशी चार महिन्यांत पुसली जात नाही."

त्यांचा रुमाल मागून घेतला आणि माझ्या अंगठीतून ओढला. सुळकन निघाला. मग त्यांचा घडीचा रिपोर्ट त्यांनाच घालून बघायला सांगितला. तो अडला. निरोगी तांबडी पेशी स्वतःपेक्षा अरुंद केशवाहिनीतून अशीच दुमडून निघते. साखर बराच काळ चढी राहिली की पेशी ताठरते. तिकडे वाहिनीचं आतलं अस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडून वाहिनी सैल ठेवत असतं, तेही काम मंदावतं. भिंत जाड होते, कुठे झिरपायला लागते. डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंडं, पायांचे मज्जातंतू यांना आधी फटका बसतो, आणि सुरुवातीला काहीच दुखत नाही.

"मग आता सांभाळून काय उपयोग?"

उपयोग आहे. 1998 मध्ये ब्रिटनमधल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. साखर काटेकोर ठेवलेल्या रुग्णांत बारीक रक्तवाहिन्यांचे त्रास सुमारे 25 टक्क्यांनी कमी आढळले होते. डोळ्यांचा पडदा आणि लघवीतलं अल्ब्युमिन हे प्रथिन दरवर्षी तपासायचं, हे त्यांच्या फाइलवर लिहून दिलं. रक्तदाब आणि तंबाखूचा विषयही निघाला. तंबाखूवर काका गप्प बसले.

शेवटी मोजे काढायला लावले. डोळे मिटायला सांगून नायलॉनचा दोरा तळव्याला टेकवत गेले. अंगठ्यापाशी काका म्हणाले, "लावा की, कधी लावताय?"

मी तीनदा लावून झाले होते.

तीन महिन्यांनी 7.7 घेऊन आले. अंगठ्याला दोरा अजूनही कळला नाही. पण आता ते बूट आधी उलटा करून झटकतात. परवा आतून नातवाची गोटी निघाली म्हणाले.