दुसरं शेल्फ का हललं?

ताई, नमस्कार.

तुमचा मुलगा मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सुट्टीत त्याने प्लायवुडचं एक शेल्फ बनवलं. खिळा नाही, स्क्रू नाही, गोंद नाही, नुसतं खाचेत खाच अडकवून उभं राहणारं. ते पाहून ओळखीतल्या दोघांनी आपापल्या भिंतीच्या मापाचं करून मागितलं. आता त्याला कॉलेज सोडून छोटं वर्कशॉप काढायचंय, त्याचे बाबा त्याच्याशी बोलत नाहीत आणि तुम्ही दोघांच्या मधे सापडला आहात. "सुतारकामात करिअर होतं का, आणि त्यासाठी शिक्षण सोडू द्यावं का?" असं तुम्ही विचारलंय.

पण माझं लक्ष पत्राच्या शेवटी ओझरत्या आलेल्या एका वाक्याकडे गेलं. त्या दोघांपैकी एकाचं शेल्फ हात लावला की डोलत होतं, म्हणून तो स्वतः जाऊन ते परत घेऊन आला आणि दोन रात्री त्याच्यासमोर बसून होता. परत ने असं त्याला कुणी म्हटलं नव्हतं. ताई, या कामात टिकणाऱ्या माणसाची पहिली खूण मला विचाराल तर हीच. चित्र छान काढणारी मुलं मला पुष्कळ भेटतात. आपल्या हातची चूक घरी आणून तिच्याकडे बघत बसणारी फार थोडी.

तेव्हा आधी त्या शेल्फबद्दल बोलू. फोटोंबरोबर त्याचं ड्रॉइंग पाठवलंत ते फार बरं केलंत. त्यात प्रत्येक खाच 18 मिमी रुंद आहे, कारण प्लाय 18 मिमीचा म्हणून आणला होता. कागदाच्या कोपऱ्यात मात्र पेन्सिलने "17.3" लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या आहेत. शेल्फ परत आणल्यावर त्याने जाडी मोजली असावी. 18 चा म्हणून विकला जाणारा प्लाय मोजायला गेलं तर बरेचदा 18 भरत नाही. एकाच शीटच्या दोन कोपऱ्यांतही थोडा फरक निघतो.

फरक सात दशांश मिलिमीटरचा, म्हणजे साध्या कागदाच्या सात पानांएवढा. एवढ्याने काय होतंय, असं वाटतं. पण अशा शेल्फमध्ये उभ्या फळीला आडवी फळी धरते ती फक्त आपल्या जाडीभर, म्हणजे सतरा-साडेसतरा मिलिमीटर. इतक्या आखूड पकडीत 0.7 मिमी जागा मोकळी राहिली तर उभी फळी सव्वादोन अंश कलू शकते. दीड मीटर उंचीच्या शेल्फच्या माथ्यावर त्याचे जवळजवळ सहा सेंटिमीटर होतात. ज्यांच्या घरी ते ठेवलं होतं त्यांना हे सहा सेंटिमीटर दिसले. सात पानं कुणालाच दिसली नाहीत. घरातलं पहिलं शेल्फ का डोलत नाही, हे त्याला शोधू द्या. तो प्लाय बहुधा थोडा जाड निघाला असेल.

खाच घट्ट केली की काम झालं, असंही नाही. अगदी घट्ट बसवलेल्या सांध्याचीही पकड तेवढीच आखूड राहते, आणि वापरात खाचेच्या कडा हळूहळू चेपत जातात. आडवा धक्का सोसायला मागून एक पाठफळी लागते, नाहीतर कोपऱ्यात तिरकी पट्टी, किंवा फळीचं टोक दुसऱ्या फळीच्या आरपार काढून त्यात पाचर ठोकावी लागते. म्हणजे सैलपणा मापातला होता आणि डोलणं डिझाइनमधलंही होतं. दोन्ही दुरुस्त होण्यासारखं आहे.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. त्याने कॉलेज सोडू नये असं माझं स्पष्ट मत आहे. "आधी डिग्री घे, मग काय छंद करायचेत ते कर" असं मात्र मी म्हणत नाही. त्याला जे करायचंय त्याचं निम्मं शास्त्र तो आत्ता ज्या वर्गात बसतो तिथेच शिकवतात, आणि हे त्याला अजून कुणी दाखवून दिलेलं दिसत नाही. खाच किती रुंद कापायची, हा टॉलरन्सचा, म्हणजे मापात किती फरक चालेल याचा प्रश्न आहे. टेबलाखाली दोन फळ्या एकमेकींत अडकवायच्या तर प्रत्येकीत निम्म्या उंचीपर्यंत खाच पाडतात. त्या जागी फळीची वाकण्याविरुद्धची ताकद निम्मी उरत नाही, चौथाई उरते, आणि ताठपणा तर आठवा हिस्सा. पुस्तकांच्या फळीचा गाळा, म्हणजे दोन आधारांमधलं अंतर, दुप्पट केला आणि वजन तेवढंच ठेवलं तरी मधला झोळ आठपट होतो. परीक्षेसाठी पाठ करायची म्हणून जी सूत्रं त्याला नकोशी झाली असतील, तीच त्याच्या शेल्फमध्ये आहेत. ते डोलणारं शेल्फ घेऊन त्याने आपल्या सरांकडे जावं. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट त्याला आत्ताच सापडलाय.

निम्मं म्हटलं, कारण उरलेलं निम्मं वर्गात मिळत नाही. समुपदेशनात येण्याआधी मी काही महिने एका छोट्या वर्कशॉपमध्ये हिशेब लिहायचे. तिथले मिस्त्री शीट कापण्याआधी त्याच प्लायच्या तुकड्यांवर चार-पाच खाचा पाडून बघायचे, प्रत्येक आधीच्यापेक्षा 0.1 मिमीने रुंद. दुसरा तुकडा त्यात घालायचे. तो तळहाताने रेटून आत गेला पाहिजे, हातोडी लागता कामा नये, आणि जोडी उलटी धरली तर तुकडा गळून पडता कामा नये. बरोबर बसला की आत जाताना एक दबका, कोरडा आवाज येतो. मी त्यांच्याकडे पाठ करून टेबलाशी बसलेली असायचे, पण काही आठवड्यांनी त्या आवाजावरून मलाही कळायला लागलं की आता शीट कापायला घेतील.

एकदा घाईत एका टेबलाचे सगळे तुकडे रंगवून झाले आणि मग जोडायला घेतले. रंगाचा थर फळीच्या दोन्ही अंगांना चढलेला आणि खाचेच्या आतही. एकही तुकडा बसेना, ठोकून बसवला तर रंग सोलून निघे. अख्खा दिवस खाचा खरवडण्यात गेला. ड्रॉइंग अचूक होतं, फक्त रंगाची जाडी कुणी धरली नव्हती. तिथे मी आणखी एक गोष्ट पाहिली. शीट एका सकाळीत कापून व्हायचं. कडा घासणं, पॉलिश, पुन्हा घासणं यात पुढचे तीन दिवस जायचे. तुमच्या मुलाला शेल्फची कल्पना सुचताना जो आनंद झाला तो खरा आहे, पण या धंद्यातले बहुतेक तास त्या तीन दिवसांसारखे असतात.

म्हणून माझी पहिली सूचना अशी. पुढच्या सहा महिन्यांत त्याने एकच स्टूल दहा वेळा करावं. साधं, 450 मिमी उंचीचं, चार-पाच तुकड्यांचं. आधी जाड पुठ्ठ्यात छोटं करून बघावं, मग प्लायमध्ये. प्रत्येक वेळी वहीत लिहावं: प्लायची मोजलेली जाडी, कापलेल्या खाचेची रुंदी, कुठे अडलं, कुठे सैल वाटलं, किती तास लागले. प्रत्येक स्टूल वीस वेळा सोडवून पुन्हा जोडावं, त्यावर बसून मागे-पुढे झुलावं, फरशीवर ओढावं. एक-दोन स्टुलं त्याने सागाची किंवा दुसऱ्या अस्सल लाकडाचीही करावीत. प्लायमधले थर एकमेकांवर आडवे-उभे चिकटवलेले असतात म्हणून त्याचं माप फारसं हलत नाही. अस्सल लाकूड हवेतल्या ओलाव्याने रुंदीत फुगतं आणि आक्रसतं, लांबीत जवळजवळ नाहीच. कोरड्या दिवसांत तंतोतंत बसलेली खाच दमट हवेत निघता निघत नाही. आणि तंतूंच्या दिशेचा विचार न करता पाडलेल्या खाचेची अरुंद बाजू हातात तुटून येते. वाचून हे समजतं, पण एकदा तुटल्यावरच ते हाताच्या लक्षात राहतं.

दहाव्या स्टुलालाही तो पहिल्याइतक्याच मनाने बसला, तर वर्कशॉपचं बोलणं खऱ्या अर्थाने सुरू करू. चौथ्या-पाचव्यालाच कंटाळला आणि दर वेळी नवीन आकार सुचायला लागला, तर त्यातही वाईट काही नाही. मग त्याचा पिंड डिझाइनचा आहे. फर्निचर डिझाइनचं पुढचं शिक्षण, कारखान्यांसाठी उत्पादनाची ड्रॉइंग्ज, सीएनसीचं, म्हणजे कॉम्प्युटरच्या सूचनांवर कापणाऱ्या मशीनचं, प्रोग्रॅमिंग, हे रस्ते त्याच्या डिग्रीतूनच पुढे जातात.

दुसरी सूचना: येत्या सुट्टीत त्याने एखाद्या चालू वर्कशॉपमध्ये जावं, निदान आठ आठवडे, झाडू मारायचं काम मिळालं तरी. भिंत काटकोनात नसते, ग्राहक माप चुकीचं सांगतो, ऐनवेळी मत बदलतो, आणि मनात धरलेल्या तासांपेक्षा जास्त तास लागतात. मापाबरहुकूम फर्निचर करणाऱ्याचं पोट या गोष्टी सांभाळण्यावर अवलंबून असतं. कामाची किंमत मटेरियलवरून न ठरवता तासांवरून ठरवायला तिथेच शिकता येतं.

मशीनची घाई नको. तुमच्या पत्रावरून त्याचा सीएनसी विकत घ्यायचा विचार दिसतो. कटिंग बाहेरून जॉबवर्कने करून घेता येतं. सुरुवातीला जाडी मोजायला व्हर्नियर कॅलिपर, गुण्या, दोन-तीन चांगल्या पटाशा आणि खाचा पाडायला एक हातातला राउटर एवढं पुरे. सीएनसीचीही आपली एक खोड आहे. गोल फिरणारं पातं खाचेच्या आतल्या कोपऱ्यात काटकोन कापूच शकत नाही. 6 मिमी पात्याने 3 मिमीची गोलाई मागे राहते आणि चौकोनी फळी तिथे अडते. म्हणून कोपऱ्यात पातं जरासं पुढे नेऊन छोटा गोल खड्डा पाडतात. पटाशीने कोपरे हाताने साफ केलेल्या मुलाला हे एका वाक्यात समजतं.

आणि एक गोष्ट तुम्ही आई म्हणून अडून बसा. लाकडाची धूळ माणसात कॅन्सर करते हे पक्कं ठरलेलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था तिला पहिल्या गटात धरते. प्लाय आणि एमडीएफच्या (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीच्या) धुळीत चिकटवणाऱ्या रेझिनचा अंशही असतो. फोटोत तो बंद खोलीत, तोंडाला काही न बांधता घासतोय. आजपासून धूळ ओढणारा व्हॅक्यूम, चांगला मास्क, राउटर चालू असताना कानांना संरक्षण. यात वाटाघाट नाही.

राहिले त्याचे बाबा. त्यांना काळजी वाटते ती रास्त आहे, आणि त्यांची समजूत माझ्या पत्राने पटणार नाही. पण सुटं करून जोडायच्या फर्निचरची एक परीक्षा अशी आहे की ती बनवणाऱ्याला स्वतः देता येत नाही. 1859 साली मिखाएल थोनेट या फर्निचर बनवणाऱ्याच्या कंपनीने 14 नंबरची खुर्ची काढली. सहा तुकडे, दहा स्क्रू, दोन नट. एक घनमीटरच्या खोक्यात अशा छत्तीस खुर्च्या सुट्या करून पाठवता येत. ती जगभर गेली, कारण कधीही न भेटलेल्या माणसाला ती जोडता येत होती. तुमच्या मुलाच्या स्टुलाला अशाच माणसाची गरज आहे, आणि घरात सध्या त्याच्याशी न बोलणारा एक माणूस आहेच.

तिसरं-चौथं स्टूल झालं की सुटे तुकडे आणि कसं जोडायचं ते दाखवणारा एक कागद बाबांच्या पुढ्यात ठेवायला सांगा. त्या कागदावर शब्द नकोत, फक्त चित्रं. मुलाने समोर वही घेऊन बसायचं, तोंड उघडायचं नाही, मदतीला हात पुढे करायचा नाही. बाबांचा हात जिथे थांबेल, तुकडा जिथे उलटा धरला जाईल, ती प्रत्येक जागा त्याने लिहून घ्यायची. स्टूल उभं राहिलं की बाबांना त्यावर बसू द्या. काय झालं ते मला कळवा, आणि वहीतलं ते पान सोबत पाठवा.